ताजमधली एकवीस वर्षं : मिकी कोरिया आणि मुंबईचा सॅक्सोफोन

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) इथे जॅझ ऐकणारा माणूस शोधायला निघालात, तर हायवेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाव पालथं घालून बहुधा हात हलवत परत याल. पण सॅक्सोफोन कधीच न ऐकलेला माणूस शोधायला निघालात, तरीही हीच गत होईल. जुन्या हिंदी गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये तो घोगरा, ओलसर, थोडा लाडात आलेला आवाज येतो ना, तोच तो. लग्नाच्या वरातीत नागपूरचा धुमाल बॅण्ड आणि डीजे घुसण्याआधी बॅण्डपार्टीतला एखादा मास्टर तेच तुकडे क्लॅरिनेटवर किंवा सॅक्सवर काढायचा आणि नवरदेवाचे मित्र त्यावर नोटा ओवाळायचे. आवाज घराघरांत पोहोचलेला आहे. तो आपल्याकडे कोणी आणला, हे मात्र विचारलं की सगळे गप्प.

आणणारे पुष्कळ होते. त्यांतल्या एकाची कहाणी इथे सांगतो, कारण ती जॅझच्या नेहमीच्या कहाण्यांसारखी नाही. मिकी कोरिया हे त्याचं नाव. जन्म 1913, मोंबासा. मृत्यू 2011, शंभरीला दोनेक वर्षं कमी असताना. या दोन सालांच्या मध्ये 1939 ते 1960 अशी सुमारे एकवीस वर्षं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बॅण्डप्रमुख म्हणून त्याने काढली. जॅझ म्हटलं की अमेरिकेतली फिरस्ती, व्यसनं, कर्जबाजारीपण आणि अकाली मरण असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मिकीचं आयुष्य याच्या अगदी उलट होतं. एकाच ठिकाणी, ठरलेल्या वेळी, इस्त्रीच्या कपड्यात, दोन दशकं नोकरी. मुंबईचा जॅझ समजून घ्यायचा तर आधी ही नोकरी समजून घ्यायला हवी.

त्याआधी वाद्याबद्दल थोडं. सॅक्सोफोन पितळेचा असतो, म्हणून लोक त्याला ट्रम्पेटच्या रांगेत बसवतात. तो खरा बासरी-क्लॅरिनेटच्या कुळातला. बेल्जियममधल्या दिनां गावी जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स नावाच्या कारागिराने तो बनवला आणि 1846 साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. लष्करी बॅण्डमध्ये लाकडी वाद्यांचा गोडवा हवा आणि पितळी वाद्यांचा जोरही हवा, अशी त्याची धडपड होती. आवाज निघतो तो तोंडातल्या रीडमुळे. ही एका जातीच्या बोरूची पातळ तासलेली पट्टी असते. सनईत पात्या एकमेकींवर थरथरतात, इथे एकच पट्टी वाद्याच्या तोंडाच्या कडक टोकावर बांधलेली असते. वाजवणारा आधी ती जिभेखाली धरून ओली करतो, मग बसवतो. कोरडी पट्टी चिरकते आणि फार भिजली की आवाज बसतो. मुंबईच्या पावसाळ्यात हिच्यापायी वादकांच्या नाकी नऊ येत असणार. खालच्या ओठाचा दाब किंचित सैल केला की सूर खाली घसरतो, आवळला की वर चढतो. सॅक्सोफोनवर मींड काढता येते ती या ओठामुळे, आणि हिंदी सिनेमाच्या संगीतकारांना हे वाद्य एवढं आवडलं तेही याचमुळे.

आणखी एक भानगड आहे. अल्टो सॅक्सवर वादकाने कागदावरचा ‘सी’ वाजवला, तर कानावर येते ती आपल्या पेटीवरची काळी दोन. टेनरवर तोच ‘सी’ वाजवला तर येते काळी पाच. म्हणजे गायिकेचा सा पांढरी एकचा असेल, तर अल्टोवाल्याने पांढरी सहा समजून वाजवायचं आणि शेजारच्या टेनरवाल्याने पांढरी दोन समजून. सगळ्यांच्या हातांत वेगवेगळे कागद, आणि बाहेर मात्र एकच सूर. ऐकून-ऐकून वाजवणाऱ्याचं इथे भागत नाही. कागद वाचता यायला हवा, तोही पहिल्या नजरेत. मुंबईच्या संगीताचा पुढचा सगळा इतिहास या कागद वाचण्यावर उभा आहे.

अडॉल्फ सॅक्सच्या हयातीत या वाद्याला फारसा मान मिळाला नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत नाचाचं वेड पसरलं आणि मोठ्या हॉलभर पोहोचेल असा, तरीही कानाला न टोचणारा आवाज हवा झाला. सॅक्सोफोन आयताच हाताशी होता. न्यू ऑर्लिन्सच्या सिडनी बेशेने सोप्रानो सॅक्स हाती घेतला, फ्लेचर हेंडरसनच्या बॅण्डमध्ये कोलमन हॉकिन्सने टेनरला भाषा दिली, आणि सर्कशीत हसवण्यासाठी वापरलं जाणारं हे वाद्य जॅझचा मुख्य गळा होऊन बसलं.

आता गोव्याकडे वळू, कारण मिकी गोव्याच्या घराण्यातला. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चला जोडून पाठशाळा असत. तिथल्या मेस्त्राकडे, म्हणजे संगीत-मास्तराकडे, मुलं प्रार्थनेची गाणी शिकत. आधी तोंडाने ‘दो-रे-मी’ म्हणत कागद वाचायचा, तो पक्का झाल्याशिवाय व्हायोलिनला हात लावायचा नाही, अशी ती शिस्त. शेतीवर पोट भरत नव्हतं, नोकऱ्या नव्हत्या. पण स्वरलिपी वाचणारी माणसं गावोगाव तयार होत होती. ती बाहेर पडली. संस्थानिकांच्या दरबारी बॅण्डमध्ये गेली, पोलीस बॅण्डमध्ये गेली, बोटींवर गेली, मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसून वाजवू लागली. 1931 साली बोलपट आला आणि थिएटरातलं ते काम गेलं. हॉटेलांचे डान्स हॉल तेव्हाच वाढत होते, म्हणून मंडळी तिकडे सरकली.

काही गोवेकर आफ्रिकेला गेले. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतल्या कचेऱ्यांत, रेल्वेत, बंदरांत गोव्याचा कारकून असायचाच. मिकीचा जन्म मोंबासाचा तो याच वाटेवर. पण वाढला तो कराचीत. कराचीत तेव्हा गोवेकरांची मोठी वस्ती होती, त्यांची चर्च होती, क्लब होते, आणि क्लब म्हटला की नाच आलाच. कोरिया भावंडांनी ‘कोरिया ऑप्टिमिस्ट्स’ नावाचा घरचाच बॅण्ड काढला. तो काळ मंदीचा होता, आणि बॅण्डला आशावादी असं नाव ठेवणाऱ्या या पोरांचं मला कौतुक वाटतं. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन अशी तिन्ही वाद्यं मिकीला येत होती. ही त्या काळी चैन नव्हती, पोटाची गरज होती. जेवणाच्या वेळी व्हायोलिन, नाचाला सॅक्स आणि मध्ये एखाद्या तुकड्यासाठी क्लॅरिनेट, असं एकाच माणसाकडून करून घेता आलं तर मॅनेजर तीन माणसांचे पगार कशाला देईल?

1930 चं दशक संपता संपता मिकी मुंबईत आला. मुंबईच्या जॅझच्या दृष्टीने हा फार चांगला मुहूर्त होता, कारण खुद्द अमेरिकेतली कृष्णवर्णीय मंडळी तेव्हा ताजमध्ये वाजवत होती. 1935 च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबीचा बॅण्ड आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ. 1936 साली स्मिथच्या बॅण्डने मुंबईत ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट, म्हणजे नाचाची धून, ध्वनिमुद्रित केला. (त्याच 1936 साली गांधीजी आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेगावात राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. एकाच रेल्वेलाईनवरच्या दोन ठिकाणी एकाच वर्षी काय काय चाललं होतं, बघा.) मग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. शिकागो, शांघाय, मुंबई, कलकत्ता असा त्याचा प्रवास, आणि 1945 मध्ये कलकत्त्यात पटकीने मृत्यू.

या मंडळींत एक सॅक्सोफोनवाला होता, त्याचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. रूडी जॅक्सन. 1927 साली तो न्यूयॉर्कमध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बॅण्डमध्ये होता. त्याने एक धून आपली म्हणून एलिंग्टनला दिली, एलिंग्टनने ती सजवली, रेकॉर्ड निघाली, गाजली. नंतर कळलं की धून जॅक्सनची नव्हतीच. किंग ऑलिव्हर या जुन्या उस्तादाच्या एका रेकॉर्डवरून ती उचललेली होती. जॅक्सनची जागा लवकरच बार्नी बिगार्ड या क्लॅरिनेटवाल्याकडे गेली. ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही ती रेकॉर्ड आजही जॅझच्या सर्वोत्तम रेकॉर्डमध्ये धरली जाते, आणि तिची धून उचलून आणणारा जॅक्सन पुढे फिरत फिरत हिंदुस्थानात पोहोचला, इथे बरीच वर्षं वाजवत राहिला. म्हणजे गोव्याच्या पोरांना जॅझ शिकायला मिळाला तो तबकड्यांवरूनच नव्हे. एलिंग्टनच्या बॅण्डमध्ये बसून आलेला माणूस त्यांच्या शेजारी वाजवत होता. एकदा ऐकलं की घरी जाऊन ते कागदावर उतरवणं या पोरांच्या डाव्या हातचा मळ होता.

1939 मध्ये ताजचा बॅण्ड मिकी कोरियाकडे आला. साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कोलमन हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ वाजवलं आणि टेनर सॅक्सच्या एकल वादनाचा मापदंड घालून दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या काँग्रेस सरकारने शहरात दारूबंदी लागू केली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात युद्ध पेटलं. नाचाच्या हॉलमध्ये नोकरी धरायला याहून अवघड वर्ष कुठलं? पण सरकारने नोव्हेंबरात राजीनामा दिला, दारूबंदी लवकरच सैल झाली, आणि युद्धाने तर मुंबई गोऱ्या सैनिकांनी भरून टाकली. बंदरात बोटी, बोटींवर सुट्टीची वाट पाहणारी पोरं, त्यांच्या खिशात पगार. मुंबईच्या डान्स बॅण्डांची चांदी झाली ती याच काळात.

या नोकरीत नेमकं करायचं काय? संध्याकाळी बॅण्ड हॉलमध्ये बसायचा. पुढे सॅक्सोफोनवाल्यांची ओळ, मागे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, कडेला पियानो, उभा बेस, ड्रम. प्रत्येकासमोर आपापला कागद. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, क्विकस्टेप, टँगो, रुम्बा. नाच बदलला की लय बदलली. नाचणाऱ्याच्या पायाला लय एका केसानेही सुटलेली कळते, म्हणून बॅण्डप्रमुखाचं पहिलं काम नजर फरशीवर ठेवणं. जोडपी दमली की संथ गाणं, फरशी रिकामी दिसली की उडतं. विलायतेतून छापील स्वररचना येत, त्या दहा-बारा जणांच्या बॅण्डसाठी बेतलेल्या असत. आपल्याकडे माणसं कमी असली तर दुसऱ्या ट्रम्पेटचे सूर तिसऱ्या सॅक्सला द्यायचे, म्हणजे पुन्हा काळी-पांढरीचा हिशेब करून नवा कागद लिहायचा. हे सगळं काम ऐकणाऱ्याला दिसत नाही.

सॅक्सोफोनच्या ओळीची खरी कसोटी श्वासात आहे. तिघे-चौघे मिळून एकच ओळ वेगवेगळ्या सुरांत वाजवतात, तेव्हा सूर बरोबर असून भागत नाही. सगळ्यांनी श्वास एकाच जागी तोडायचा, सुराला थरथर द्यायची ती एकाच वेगाने द्यायची, आणि शेवटचा सूर एकाच क्षणी सोडायचा. एक जण अर्धी मात्रा रेंगाळला तर ओळ फाटते. यासाठी पहिल्या खुर्चीवरचा सॅक्सवाला जे करील ते बाकीच्यांनी निमूट करायचं असतं. मिकी स्वतः वाजवणारा होता, नुसती काठी हलवणारा नव्हता, म्हणून ही शिस्त त्याला आतून राखता येत असे.

मग यात जॅझ कुठे, असं कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्या काळातलं नाचाचं गाणं साधारण बत्तीस मात्रागटांचं असायचं, आठ-आठचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळ्या चालीचा. ते आपल्या आवर्तनासारखं पुन्हा पुन्हा फिरतं. पहिल्या फेरीत सगळे लिहिलेलं वाजवणार. दुसऱ्या फेरीत एक जण उभा राहणार आणि त्याच चौकटीत स्वतःच्या मनाचं काही तरी रचत जाणार, समेवर येणाऱ्या ख्यालियासारखं. ती बत्तीस मात्रागटांची मोकळीक, म्हणजे जेमतेम मिनिटभर, हा जॅझ. नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसायचा. वादक त्या एका मिनिटासाठी बाकीची संध्याकाळ वाजवत. मुंबईतले जाणकार हॉटेलचे हॉल सोडून रविवारच्या बैठकींना, ज्यांना जॅम सेशन म्हणत, जात ते यासाठी. तिथे नाचणारे नसत.

14 ऑगस्ट 1947 च्या रात्री ताजमध्ये स्वातंत्र्याचा सोहळा झाला, आणि वाजवायला दोन बॅण्ड होते. एक मिकी कोरियाचा, दुसरा शिक चॉकलेटचा. शिक म्हणजे हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाणारा ट्रम्पेटवाला. विचार करा, दोघेही घराण्याने गोव्याचे, आणि गोव्यावर त्या रात्री पोर्तुगालचं राज्य होतं, पुढेही चौदा वर्षं राहणार होतं. कराची, जिथे मिकी वाढला, ती त्याच रात्री दुसऱ्या देशात गेली. हे दोघे मुंबईच्या स्वातंत्र्याची धून वाजवत होते.

मिकीच्या पिढीतला दुसरा मोठा सॅक्सोफोनवाला गोव्याचा नव्हता, मुंबईचा पारशी होता. मूळ नाव कावसजी खटाव, बॅण्डवरचं नाव रूडी कॉटन. वाद्य टेनर सॅक्स. मिकी एका जागी राहिला, तर रूडी फिरत राहिला. मुंबई, मसुरी, दिल्ली अशी हॉटेलं बदलत. उन्हाळ्यात साहेबलोक थंड हवेच्या ठिकाणी गेले की बॅण्डही त्यांच्या मागे जायचा. 1946 च्या मसुरीच्या मोसमात रूडीच्या बॅण्डमध्ये कुडचड्याचा फ्रँक फर्नांड हा ट्रम्पेटवाला होता. गांधीजी त्या वर्षी मसुरीत आले होते. त्यांचा फ्रँकवर असा परिणाम झाला की आपण दुसऱ्यांचं संगीत वाजवण्यात आयुष्य घालवतो आहोत हे त्याला टोचू लागलं, आणि जॅझला हिंदुस्थानी रूप कसं देता येईल याच्या मागे तो लागला. गांधीविचाराचे परिणाम आपण खादी, ग्रामोद्योग, नई तालीम यांत मोजतो. जॅझच्या ट्रम्पेटवाल्याचं नाव त्या यादीत कोणी घालत नाही. फ्रँक पुढे सिनेसंगीतात गेला, आणि 1963 साली ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट त्याने काढला.

सिनेसंगीतात जाणं ही एकट्या फ्रँकची गोष्ट नव्हती. 1949 च्या कायद्याने मुंबई राज्यात पक्की दारूबंदी आली. साहेब गेले, सैनिक गेले, ग्लासही गेला. रात्रभर चालणारे नाच आटत गेले. स्टुडिओ मात्र वाढत होते. तिथल्या संगीतकारांच्या डोक्यात चाली असायच्या, पण पन्नास वादकांकडून त्या एकाच वेळी वाजवून घ्यायच्या तर कागद लागतो, आणि कागद लिहिणारे-वाचणारे हे हॉटेलवाले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (हो, ‘अमर अकबर अँथनी’तलं नाव यांचंच, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरुदक्षिणा म्हणून दिलेलं), सेबॅस्टियन डिसोझा, शिक चॉकलेट, फ्रँक, सगळे तिकडे गेले. दिवसा दादर-ताडदेवचे स्टुडिओ, रात्री जमेल तसं हॉटेल.

आपल्या विदर्भाचा धागा इथे येतो. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शास्त्रीय संगीत शिकले. मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे त्याच वर्गात होते. सप्रे गुरुजींच्या एका शिष्याने पुढे ख्याल-ठुमरी-नाट्यपद गाजवलं आणि दुसऱ्याने मुंबईत जाऊन गोव्याच्या बॅण्डवाल्यांना जवळ केलं. 1951 च्या ‘अलबेला’त शिक चॉकलेटचा बॅण्ड नुसता ऐकू येत नाही, पडद्यावर दिसतोही. मला विचाराल तर सी. रामचंद्रांइतकी अचूक नाडी या संगीताची दुसऱ्या कुठल्याच मराठी माणसाला सापडली नाही. जॅझची उडी त्यांनी घेतली आणि चाल मात्र गुणगुणता येईल अशीच ठेवली. शिळ्या भाकरीला लोणी लावून विकणारे नंतर पुष्कळ झाले.

सॅक्सोफोनने तर सिनेमात घरच केलं. 1958 च्या सुमारास सलील चौधरींनी कलकत्त्याहून मनोहारी सिंग यांना मुंबईत आणलं, आणि पुढची तीसेक वर्षं हिंदी गाण्यात अल्टो सॅक्स म्हणजे मनोहारी असं समीकरण झालं. ‘गाइड’ आणि ‘आरजू’, दोन्ही 1965 चे, पुन्हा ऐका. ओठ सैल करून सुराला खाली सोडण्याची जी करामत वर सांगितली, ती तिथे जिवंत ऐकायला मिळते. गळ्यातली मींड पितळेतून निघते. मनोहारी काही मिकीचे शिष्य नव्हेत, ते कलकत्त्याच्या मुशीतले. पण मुंबईत सॅक्सोफोनची खुर्ची आधीच मांडलेली होती, म्हणून त्यांना ती मिळाली.

आणि इथून तो आवाज आपल्याकडे आला. स्टुडिओत सॅक्सवर वाजलेला तुकडा रेडिओवरून, लाऊडस्पीकरवरून गावोगाव पोहोचला. बॅण्डपार्टीच्या मास्टरने तो कानाने उचलला, क्लॅरिनेटवर बसवला, जमलं तर सॅक्सोफोन घेतला. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने भारतातल्या या लग्नाच्या बॅण्डांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. अशा बॅण्डचा अभ्यास करावा असं आपल्या विद्यापीठांना का सुचलं नाही, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. नागपूरचा धुमाल हाही त्याच वंशातला. तिथे सॅक्सोफोनचा आवाज आता कीबोर्डच्या एका बटणावर येऊन बसला आहे. तो ऐकताना मला तरी रीड ओली करणाऱ्या माणसाची आठवण होते, कारण बटणाला श्वास कुठे तोडावा हे कळत नाही.

या सगळ्या धामधुमीत मिकी ताजमध्येच राहिला. सहकारी स्टुडिओत गेले, अमेरिकेत बीबॉप नावाचा नवा जॅझ आला, चार्ली पार्करने अल्टो सॅक्सचं व्याकरण बदलून टाकलं, 1958 साली डेव्ह ब्रुबेकची चौकडी भारतात वाजवून गेली, आणि मिकी रोज संध्याकाळी बॅण्डपुढे उभा. याला कोणी गतानुगतिक म्हणेल. मला तसं वाटत नाही. एखाद्या शहरात नवं संगीत रुजायचं तर ते कुठे तरी रोज वाजावं लागतं. नवशिक्या वादकाला बसायला खुर्ची लागते, पगार लागतो, चूक केल्यावर रागावणारा म्होरक्या लागतो. मुंबईच्या वादकांना ती जागा मिळाली, कारण बॅण्डपुढचा माणूस वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. अमेरिकेतल्या थोर वादकांच्या तोडीचा वादक त्याला म्हणता येणार नाही, तसा दावाही करण्याचं कारण नाही. त्याची थोरवी वेगळ्या जातीची, संस्था चालवणाऱ्याची. आपल्याकडे गायकाचा गौरव होतो, तालमीची खोली उघडी ठेवणाऱ्याचा होत नाही.

ताज सोडल्यावरही मिकी संगीतात राहिला आणि पुढच्या पिढ्यांना शिकवत राहिला. मुंबईत जॅझ ऐकणारे मूठभरच उरले होते, तरी अधूनमधून अजब गोष्टी घडत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सॉनी रोलिन्स, जगातला त्या वेळचा सर्वांत मोठा टेनर सॅक्सवाला, वाजवणं सोडून पवईच्या आश्रमात वेदान्त शिकायला येऊन राहिला. 1978 मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, तेव्हा हाच रोलिन्स रंगभवनात सॅक्सोफोन घेऊन उभा होता. त्या यात्रेच्या मंचावर आणि पुढच्या परदेश दौऱ्यांत भारताचं नाव काढलं ते गोव्यातल्या नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विस या सॅक्सवाल्याने. रागाच्या चौकटीत सॅक्सोफोन कसा बोलतो, हे त्याने मिकीच्या नंतरच्या पिढीत दाखवून दिलं. मिकीची मुलगी क्रिस्टीन कोरिया न्यूयॉर्कमध्ये जॅझ गायिका आहे आणि रॅन ब्लेकसारख्या नामांकित पियानोवादकाबरोबर तिने रेकॉर्ड केल्या आहेत. मोंबासा, कराची, मुंबई आणि मग थेट जॅझच्या माहेरी, असा या घराण्याचा प्रवास झाला.

हॉटेलातला बॅण्ड हवेत वाजतो आणि हवेतच विरतो. मुंबईच्या त्या काळातल्या डान्स बॅण्डांच्या तबकड्या मोजक्याच निघाल्या, त्यातल्याही बऱ्याच भंगारात गेल्या. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकासाठी म्हाताऱ्या वादकांना गाठून त्यांच्या आठवणी आणि फोटो गोळा केले नसते, तर मिकी कोरिया हे नाव आज आपल्याला कळलंही नसतं. सिनेमाच्या श्रेयनामावलीत संगीतकार असायचा, गीतकार असायचा, गायक असायचे. सॅक्सोफोन कोणी वाजवला हे लिहायची पद्धत नव्हती. तेव्हा पुढच्या वेळी जुन्या गाण्यात तो आवाज आला की शब्द सोडून त्याच्याकडे कान द्या, आणि शक्य असेल तर वाजवणाऱ्याचं नाव शोधून काढा. बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत ते अजून सापडतं, विचारायला म्हातारी माणसं आहेत तोवर.